धुण्याच्या कुरणावरचा चौथरा

पोर्टकोरी
१० मार्च २००३

लाखलन,

दुसरी चादर दोरीवर टाकून मी तोंडातला चिमटा काढत होते, तेवढ्यात एका माणसाने माझ्या दोन खांबांच्या मधोमध लाकडी खुंटी ठोकली. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तो त्याच्या तीन पायांच्या दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला, "आजी, जरा ती चादर बाजूला घ्या. मला दुसरं काही दिसत नाहीये." मी म्हटलं, "मग तीच बघा. स्वच्छ आहे."

माणूस बरा होता. चहा घेतला त्याने. गोल्फच्या मैदानातल्या चौदाव्या होलचा चौथरा मागे सरकणार आहे, पहिला फटका आता इथून, माझ्या दोरीखालून मारायचा, असं त्याने सांगितलं. नकाशा दाखवला. खाली सही होती लाखलन मॅथेसन, गिल्डफर्ड. तो म्हणाला, "फार मोठे माणूस आहेत. जुनी मैदानं पहिल्यासारखी करून देतात." मी म्हटलं, "ठाऊक आहेत मला. त्यांच्या चड्ड्या याच दोरीवर वाळल्यात."

सही तुझीच आहे ना? तुझ्या ऑफिसात दुसरा कोणी त्याच नावाचा असेल तर तसं कळव. पत्रानेच कळव. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस, आणि माझा जन्म पोस्टाच्या खिडकीत गेला, मला कागदावरचंच खरं वाटतं.

खुंटी मी काढलेली नाही. तिला पायपुसणं अडकवलंय.

काकू


गिल्डफर्ड
१६ मार्च

आयशबेल काकू,

सही माझीच आहे. तुला आधी सांगायला हवं होतं. जानेवारीत क्लबने विचारलं, तेव्हापासून पत्र लिहायला घेत होतो आणि ठेवून देत होतो.

मी काय करतोय ते तुला नीट सांगतो. आई गेल्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या मी तुमच्याकडे काढल्या. यूअन काका मला संध्याकाळी चौदाव्यावर न्यायचे. डाव्या हाताला ओढा, उजवीकडे मोकळं रान. ते म्हणायचे, "उजवीकडे मार, कोणी काही म्हणणार नाही. पण तिथून झेंड्याकडे बघ." उजवीकडून बघितलं की मध्ये तो मोठा वाळूचा खड्डा यायचा, ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक हिरवळ, त्याच्यामागे तिरकं लपलेलं. ओढ्याच्या वळणाला लागून चेंडू टाकला तरच वाट उघडायची. म्हणजे आधी भीतीच्या जवळ जायचं, मग पुढचं सोपं. ज्याने हे मैदान आखलं त्याने शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न मांडून ठेवला होता. मी पुढे जे काही शिकलो ते सगळं या एका होलवर शिकलो.

आता तो प्रश्न उरलेला नाही. नवे चेंडू, नव्या काठ्या. पोरं ओढा, वळण, खड्डा, सगळ्यावरून मारतात. कोणी डावीकडे बघत नाही की उजवीकडे. चौथरा साठ यार्ड मागे नेला तर चांगला फटका पुन्हा त्याच वळणापाशी येऊन पडेल. एक ढेकूळसुद्धा इकडचं तिकडे करायला नको. फक्त मागे जायचं.

आणि मागे तुझं कुरण आहे. ते मी नकाशा काढताना पाहिलं. कोणी तिथे आता काही वाळत घालत नसेल असं मी स्वतःला सांगितलं. खोटंच सांगितलं.

सभा २६ एप्रिलला आहे. तोवर काही मार्ग काढू.

तुझा
लाखलन


पोर्टकोरी
२४ मार्च

लाखलन,

पत्रावर रविवारची तारीख घालत जाऊ नकोस. किर्स्टीला वाचून दाखवताना मला ती गाळावी लागली. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, पत्रसुद्धा लिहायचं नाही. दक्षिणेत देव सुट्टीवर असेल, इथे नाही. किर्स्टी म्हणजे गॉलनांची, भिंतीला भिंत लागून राहते ती. तुला कायम जास्तीचं बिस्कीट द्यायची.

तुझं पत्र चांगलं आहे. यूअनचं बोलणं तू अगदी त्याच्यासारखं लिहिलंयस. मी ते पान वेगळं ठेवलं.

पण मला एक सांग. चेंडू लांब जातो म्हणून जमीन मागे न्यायची? उद्या आणखी लांब जाईल. मग माझं स्वयंपाकघर, मग चर्च, मग रेल्वेचा रूळ. त्यापेक्षा चेंडूच जड करा. किर्स्टीने दुसरा उपाय सुचवलाय: ओढा पुढे सरकवा. तिला म्हटलं, कळवते.

कुरणाचं तुला माहीत असायला हवं, पण तू मुलगा होतास, मुलांना कोण सांगतं. आमच्या ओळीतल्या घरांना तिथे धुणं वाळत घालायचा हक्क आहे, क्लब जन्मायच्या आधीपासूनचा. क्लबच्या कार्डावरसुद्धा छापलंय, चेंडू धुण्यात गेला तर मालकिणीची माफी मागून उचलावा, दंड नाही. पण हक्क वापरात असला तरच. वर्ष आणि एक दिवस दोरी रिकामी राहिली की संपला. पूर्वी सोमवारी जागेसाठी भांडणं व्हायची. मग एकेकीने कपडे वाळवायची यंत्रं घेतली. किर्स्टीने तीन वर्षांपूर्वी घेतलं. मी तिला म्हटलं, तुझ्या उशीला आता पावाच्या भट्टीचा वास येतो. ती आठवडाभर बोलली नाही.

तेव्हा दोरीवर आता मी एकटी. माझी प्रकृती उत्तम. चादरी हल्ली एकेक करून नेते, वारा जास्त असतो म्हणून.

काकू


गिल्डफर्ड
२ एप्रिल

काकू,

चेंडू जड करणं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे ते करणार नाहीत. ओढ्याबद्दल किर्स्टीला सांग, तो समुद्राचं ऐकतो, माझं नाही.

मी चौथरा डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे ठेवून पाहिला. जरा बाजूला गेलं की कोन बदलतो आणि उजवीकडचा भित्रा फटकाच शहाणा ठरतो. सरळ मागेच जावं लागतं. आणि मी नाही केलं तर दुसरा कोणी येईल, खेळायचा पट्टा दोन्हीकडून आवळेल, गुडघाभर गवत वाढवेल, चार नवे खड्डे खणेल. मग होल कठीण होईल, पण काही विचारणार नाही. नुसतं शिक्षा करेल.

एप्रिलमध्ये मला यायचं होतं. पोर्तुगालचं काम पुढे सरकलं, जमत नाही. काका गेल्यापासून मी आलेलो नाही, हे मला कळतं.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. कपडे वाळवायचं यंत्र पाठवलंय, चांगल्यापैकी. माणसं येऊन बसवून देतील. थंडीत ओली चादर घेऊन बाहेर जायला नको तुला. एवढं तरी मला करू दे.

लाखलन


पोर्टकोरी
१४ एप्रिल

लाखलन,

यंत्र आलं. दोन माणसांनी दाराची चौकट खरवडून आत आणलं. मी त्यांना ओटचे केक दिले आणि त्याच गाडीतून चर्चच्या हॉलवर पाठवलं. तिथे ते चहाची फडकी वाळवतं. आमच्या पाद्र्याने, मिनिस्टरने, तुझे आभार मानलेत. चांगला माणूस आहेस, असं म्हणाले.

मी रागावलेली नाही. रागावले होते, ते शुक्रवारी संपलं.

तुला वाटतं मला कोरड्या चादरी हव्यात. चादरी मला किती लागतात? एक बाई, एक पलंग. मी दोरीपाशी उभी असते तेव्हा चौदाव्यावर येणारा प्रत्येक जण पुढच्या चौथऱ्यावरून ओरडतो, "काय आयशबेल, वारा कसा आहे?" मी चादरीकडे बघून सांगते, "समुद्राकडून आहे, उजवा खांदा आवर." तो तसं मारतो. चुकला तर मला शिव्या घालतो. जमलं तर टोपी हलवतो. सोमवारचं माझं बोलणं हेच. मंगळवारी किर्स्टी. बाकीचे दिवस रेडिओ.

दोरी गेली की मी खिडकीतली म्हातारी होईन. खिडकीतल्या म्हातारीला वारा कोण विचारतं?

तुझा प्रश्न मला कळला, लाखलन. ओढ्याचा. तो परत यावा असं मलाही वाटतं. पण तो विचारायला तुम्ही माझ्या जागेवर उभे राहणार.

२६ तारखेला शनिवार आहे. सभेच्या खोलीतून कुरण दिसतं. त्या दिवशी मी सगळ्या चादरी घालणार. शनिवारचं धुणं म्हणून किर्स्टी नाक मुरडेल. मुरडू दे. संध्याकाळच्या आत काढून घेईन.

काकू


गिल्डफर्ड
२७ एप्रिल

काकू,

तारीख रविवारचीच आहे. माफ कर, सोमवारपर्यंत थांबवत नाही.

काल नकाशा मंजूर झाला. क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला होता. म्हणाले, सभाभर तुझ्या चादरी समोर फडकत होत्या आणि कॅप्टन खिडकीकडे पाठ करून बसले. हात वर करताना बऱ्याच जणांना बरं वाटलं नाही. पण केले.

सातच्या सुमाराला मी तुला फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मला सांगायचं होतं. पुष्कळ वेळ वाजू दिला. ठेवला, पुन्हा केला. पुन्हा वाजू दिला. त्या वेळी तू घरीच असतेस. तुझं घर केवढं ते मला माहीत आहे.

तू माझ्याशी बोलणार नसशील तर ते मी समजू शकतो. पण मला इतकंच वाटत होतं, काकांनी जे दिलं ते त्यांच्याच गावात नेऊन ठेवतोय. त्यासाठी तू हवी होतीस. तुझ्याशी भांडून ते नको होतं.

आता मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा लिही.

लाखलन


पोर्टकोरी
२९ एप्रिल

लाखलन बाळा,

किर्स्टी गॉलन लिहितेय. काल तुझ्या ऑफिसातल्या बाईला मी फोनवर एवढंच सांगितलं की आयशबेल पडली आणि तिला हॉस्पिटलात नेलंय. बाकीचं परक्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती चादरी काढायला निघाली होती. मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली, आतल्या बाजूला, स्वयंपाकघरात. खुबा मोडला. मी मुलीकडे गेले होते, रात्री उशिरा आले, तिच्याकडे दिवा नव्हता, म्हटलं झोपली.

आता पुढचं लिहिताना मला लाज वाटते, पण तू घरचा आहेस. रविवारी सकाळी आम्ही सगळे चर्चला निघालो आणि बघतो तर आयशबेल मॅथेसनचं धुणं दोरीवर. देवाच्या दिवशी! उभ्या आयुष्यात तिने रविवारी रुमालसुद्धा बाहेर ठेवलेला नाही. सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी एक शब्द बोललं नाही. आम्हाला वाटलं, सभेवरचा राग काढतेय. आणि एवढा राग आलेल्या बाईकडे बघत राहणं बरं नाही, म्हणून आम्ही माना वळवल्या. मिनिस्टरांनी छत्री त्या बाजूला धरली, पाऊस दुसरीकडून येत असताना. चर्चमध्ये तिची जागा रिकामी. तीही आम्ही त्यातच धरली, म्हटलं, एवढं केल्यावर कुठल्या तोंडाने येईल. संध्याकाळच्या प्रार्थनेला पुन्हा तसंच. चादरी भिजून लोंबत होत्या. माझे मिस्टर म्हणाले, "उद्या बोल तिच्याशी." मी म्हटलं, "उद्या." भिंतीपलीकडे ती जमिनीवर होती, लाखलन. एकाने जरी तोंड उघडून "अगं बाई!" म्हटलं असतं तरी दुसऱ्याने जाऊन दार वाजवलं असतं. आमच्या सभ्यपणाने तिचा जीव गेला असता.

सोमवारी सकाळी मी गेले. तिने टेबलावरचं कापड ओढून अंगावर घेतलं होतं. मला बघून पहिलं काय म्हणाली? "चादरी काढल्यास का?"

त्या चादरी मी आत आणल्या. चांगल्या, मोठ्या, तुझ्या खोलीतल्या पलंगाच्या. तो पलंग सहा वर्षं कोणी वापरलेला नाही. दर सोमवारी ती त्याच धुते. म्हणते, कधीही येईल, शिळं अंथरूण नको.

तुझं पत्र आज आलं. मी उघडलेलं नाही. तिला नेऊन देऊ का?

किर्स्टी


हॉस्पिटल, इनव्हरनेस
२६ मे

लाखलन,

तू गेलास आणि शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "मुलगा ना?" मी म्हटलं, "हो." समजावत कुठे बसायचं.

आठ दिवस तू घरी राहिलास, पलंग वापरलास, आणि किर्स्टी सांगते की अंथरूण घडी करून गेलास. यूअनला कधी जमलं नाही ते.

मला खुब्याचं एवढं वाटत नाही. रविवारी अख्ख्या गावाने माझं धुणं पाहिलं, त्याने झोप येत नाही. किर्स्टीने मिनिस्टरच्या छत्रीचं सांगितलं तेव्हा मात्र मी इतकी हसले की नर्स धावत आली. बंड म्हणे! मला बंड करायचं असतं तर मी दोरीवर यूअनच्या लांब चड्ड्या घातल्या असत्या.

आता तुझं रविवारचं पत्र. तू किर्स्टीला म्हणालास, जाळून टाक. तिने तुला हो म्हटलं आणि मला आणून दिलं. तिच्यावर रागावू नकोस, पोस्टातल्या बाईचं पत्र कोणी जाळत नाही. तू इथे बसला होतास तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

फोन मी ऐकला. पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. तूच आहेस हे मला माहीत होतं. इतका वेळ दुसरं कोणी वाजू देत नाही, लोकांना कामं असतात. मी जमिनीवर होते, हलता येत नव्हतं, आणि तो भिंतीवर वाजत होता. मला वाटलं, वाजतोय तोवर कोणीतरी खोलीत आहे. थांबला तेव्हा मी त्याला म्हटलं, आता झोप बाळा. मग पुन्हा वाजला. मला किती बरं वाटलं ते तुला सांगून कळणार नाही. तेव्हा त्या पत्रात तू जे लिहिलंस त्याचं काही मनात ठेवू नकोस. मी बोलत नव्हते असं नाही. तुला ऐकू येत नव्हतं.

तू सभेला पत्र लिहून नकाशा परत घेतोयस असं ऐकते. घेऊ नकोस. माझा खुबा मोडला म्हणून ओढ्याने गप्प बसायचं, हे यूअनला पटलं नसतं. चौथरा कर. खांब ठेव. दोन्ही मावतात, मी पडल्या पडल्या मापून पाहिलंय. सोमवारी दोरी, तेव्हा लोकांनी पुढच्या जुन्या चौथऱ्यावरून मारावं. बाकीचे दिवस तुमचे.

तुझी
काकू


गिल्डफर्ड
१९ जून

काकू,

नकाशा परत घेतला नाही. तुझा निरोप शब्दशः सभेपुढे वाचला. "दोन्ही मावतात" ला कॅप्टन हसले, मग त्यांनी नाक पुसलं.

मान्य झालंय. सोमवारी मागचा चौथरा बंद, धुण्याला पहिला मान. कार्डावर छापतील. खांबांना रंग द्यायचाही ठराव झाला, कोणत्या रंगाचा यावर अर्धा तास गेला.

फक्त जुनी अट त्यांनी सोडलेली नाही. दोरी वर्ष आणि एक दिवस रिकामी राहिली तर हक्क संपेल, खांब निघतील. मी पुष्कळ बोललो. सेक्रेटरी म्हणाले, अट आम्ही घातलेली नाही, तुमच्या आज्ज्यांनी घातलीय, आम्ही कोण काढणारे. तू एप्रिलमध्ये चादरी घातल्यास तिथून मोजायचं. पुढच्या वसंतापर्यंत तू उभी राहशील.

ऑगस्टमध्ये काम सुरू करतो. हिवाळाभर हिरवळ बसू द्यावी लागेल. मी पुन्हा त्याच खोलीत राहीन.

लाखलन


पोर्टकोरीजवळ, वृद्धाश्रमातून
९ फेब्रुवारी २००४

लाखलन,

उधार मागायला आल्यासारखं गोड बोलून डॉक्टरने सांगितलं की मी घरी एकटी राहू शकणार नाही. वसंतात नाही आणि नंतरही नाही. मला हे नोव्हेंबरपासून माहीत आहे. तू चौथऱ्याच्या मातीत गुडघाभर होतास, तेव्हा कशाला सांगायचं. माझं चालणं म्हणजे पलंगापासून खिडकीपर्यंत. खिडकीतून बस-थांबा दिसतो. बसला वाऱ्याचं काही नसतं.

घर तू विकू नको म्हणतोस, ठीक आहे, नाही विकत.

दोरीचं मात्र आता सोडून दे. तू किर्स्टीला विचारलंस म्हणे, सोमवारी चार कपडे घालशील का. ती म्हणाली, माझ्याकडे यंत्र आहे, मी नाटकात काम करत नाही. बरोबर बोलली. रागावू नकोस तिच्यावर. तो हक्क ज्याला कपडे वाळवायचेत त्याचा आहे. माझ्या नावाने कोणी फडकं फडकवावं असं मला नको. तो झेंडा झाला, धुणं नाही. तूही घालू नकोस. तुझं घर गिल्डफर्डला, तुझं धुणं तिथे.

किर्स्टी मंगळवारी येते. लोकर घेऊन बसते आणि माझ्याशी सगळ्या गावाचं बोलते, त्या रविवारचं सोडून. मी विषय काढला की टाके मोजायला लागते. तिला सांगावं वाटतं, "मी तुला केव्हाच माफ केलंय," पण तसं म्हटलं तर माफ करण्यासारखं काही होतं असं होईल.

चौथरा कसा दिसतो ते लिही. हिरवळ धरली का?

काकू


पोर्टकोरी, तुझं स्वयंपाकघर
२५ एप्रिल २००४

काकू,

काल चौथरा उघडला.

हिरवळ धरलीय. चौथरा कुरणातून वर आल्यासारखा दिसत नाही, कुरणच तिथे जरा सपाट झालंय असं वाटतं. दोन्ही बाजूंना तुझे खांब. शेवटी पांढरा रंग जिंकला. वारा समुद्राकडून होता.

कॅप्टननी पहिला फटका मारला. उजवीकडे, सुरक्षित, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते चालत गेले आणि खड्ड्यामागे उभे राहून झेंडा शोधत बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "कॅप्टन, बस पाठवू का?" त्यांना चार फटके जास्त लागले. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "मॅथेसन, चाळीस वर्षं या क्लबात आहे, हा खड्डा मी आज पाहिला."

मग शोना आली. तू तिला ओळखतेस, पावाच्या दुकानातली. क्लबात सगळ्यात लांब तीच मारते. गेली तीन वर्षं ती चौदाव्याला ओढा बघतसुद्धा नव्हती, सगळ्यावरून मारायची. काल ती चौथऱ्यावर उभी राहिली, काठी काढली, ओढ्याकडे पाहिलं. काठी परत ठेवली. दुसरी काढली. पुन्हा पहिली घेतली. पाठीमागे लोक कुजबुजायला लागले. ती थांबली, काकू. हे सगळं मी त्या थांबण्यासाठी केलं, हे मला तेव्हा कळलं. तिने ओढ्याला धरून मारलं, चेंडू वळणापाशी, काठाच्या गवतात जाऊन राहिला. तिथून सगळं ग्रीन तिच्यासमोर उघडं होतं. पुढचा फटका तिने हसत मारला.

मारण्याआधी तिने इकडेतिकडे पाहिलं होतं. मग गवताची चिमूट तोडून हवेत सोडली, वारा बघायला. तुझ्या खांबांच्या मधोमध उभी होती.

तू लिहिलंस तसं मी केलं. पुन्हा कोणाला विचारलं नाही. उद्या सोमवार आहे. तुझ्या चादरींना परवा वर्ष आणि दिवस होतो. सेक्रेटरींनी खांब काढायला परवाचा माणूस सांगून ठेवलाय, वाईट वाटतंय त्यांना. पांढरा रंग अजून नीट वाळलाही नाही. मी माझं अंथरूण धुवून घालणार होतो, पण तू नको म्हटलंयस, आणि तुझं म्हणणं मला पटलेलं आहे. पटलं तरी दुपारभर खिडकीत उभा आहे.

उद्या दुपारच्या गाडीने निघतो. जाताना तुझ्याकडे उतरेन, हे पत्र मीच हातात देईन. तू म्हणशील, मग लिहिलं कशाला. तोंडाने सांगताना मी हो-हो करतो म्हणून.

लाखलन

सोमवार, सकाळ.

पाकीट बंद केलं नव्हतं. आठ वाजता किर्स्टी टोपली घेऊन कुरणात आली. मी बाहेर गेलो. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "यंत्र बिघडलंय." मी चादरीचं दुसरं टोक धरलं. ओली होती, पण घडीच्या आत अजून गरम होती, चालू यंत्रातून मध्येच काढल्यासारखी. मी चिमटे पुढे केले. तिने चार चादरी, उशांचे अभ्रे आणि तिच्या मिस्टरांचे सदरे घातले. नऊ वाजता कॅप्टन आले, धुणं पाहिलं आणि पुढे जुन्या चौथऱ्यावर गेले. तिथून त्यांनी ओरडून विचारलं, वारा कसा आहे. किर्स्टीने चुकीचा सांगितला. चेंडू ओढ्यात गेला. अकरापर्यंत सगळं वाळलं.